अर्जावर मी सही का केली नाही : दहिसर नदीकाठच्या शेजाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दहिसर नदीच्या दोन्ही काठांवरील गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
बोरिवली व दहिसर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी आपल्यापैकीच दोघे जण अर्ज घेऊन माझ्या दारात आले होते. विषय होता नदीकाठचे सुशोभीकरण. महामार्गापासून रेल्वेच्या पुलापर्यंत नदीच्या भिंतीलगत सिमेंटचा जॉगिंग ट्रॅक, ओळीने दिवे, बाकडी, व्यायामाची साधने, एक कारंजे आणि सेल्फी पॉइंट, अशी मागणी होती. खाली बऱ्याच सह्या झालेल्या होत्या. "काकू, तुमची सही खरं तर पहिली हवी होती," असे त्यातला एक जण म्हणाला. मी दोघांना चहा दिला, अर्ज दोनदा वाचला आणि सही न करता परत केला. का, ते मला त्या वेळी नीट सांगता आले नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखे झाले होते. त्यानंतर जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे माझ्या कानावर येते आहे की दौलत नगरच्या काकूंचा चांगल्या कामाला विरोध आहे. म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. चालायला जागा मलाही हवी आहे, कदाचित तुमच्याहून जास्त. माझे गुडघे आता रस्त्याच्या कडेने गाड्या चुकवत चालण्याचे राहिलेले नाहीत. आमच्या इमारतीतली मुले पार्किंगच्या खांबांमध्ये क्रिकेट खेळतात आणि चेंडू गाडीला लागला की ओरडा खातात. संध्याकाळी म्हातारी माणसे गेटजवळच्या कट्ट्यावर दाटीवाटीने बसतात, कारण दुसरी जागाच नाही. घराला लागून नदी असताना आपण तिच्याकडे पाठ करून बसतो, हे तुम्हाला खटकले म्हणून तुम्ही अर्ज केला. मलाही तेच खटकते, आणि फार वर्षांपासून.

माझे बालपण दहिसर गावात गेले. सत्तरच्या दशकातले दहिसर. तेव्हा पूर्वेला भातशेती होती आणि "नदीवर जाऊन येते" हे आमच्या आईचे रोजचे वाक्य होते. धुण्याचे दगड ठरलेले असत. कोणाचा कोणता, त्यावरून भांडणेही होत. वडिलांनी मला पाठीला रिकामा डबा बांधून याच नदीच्या डोहात पोहायला शिकवले. दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला. कधी कधी सिनेमावाले गाड्या भरून येत आणि आम्ही शाळा बुडवून काठावर बसून राहत असू. पहिल्या मोठ्या पावसात खाडीकडून मासे उलटे चढून येत. त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. वलगण चढली की रात्री गावातले बाप्ये कंदील आणि टोपल्या घेऊन पाण्यात उतरत, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत प्रत्येक घरातून एकच वास येई. मंडपेश्वरची लेणी एके काळी नदीच्या अगदी काठाशी होती, पुढे नदीने वळण बदलले, असे आजी सांगायची. तेव्हा मला ते खोटे वाटायचे. नदी जागा कशी बदलेल? 2005 साली मला त्याचे उत्तर मिळाले, त्याकडे पुढे येते.

हे मी जुने दिवस आठवून उसासे टाकण्यासाठी लिहीत नाही. तुमच्यातले बरेच जण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इथे राहायला आले आहेत. तुम्ही भिंतीपलीकडे पाहिले ते काळे पाणीच पाहिले. त्याला तुम्ही नाला म्हणता, यात तुमचा दोष नाही. पण तो नाला नाही हे एकदा डोळ्यांनी पाहून या. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत जा आणि कान्हेरीच्या रस्त्याला लागा. त्या रस्त्यात पुलांखालून जे पाणी वाहताना दिसते, ती हीच नदी. शिलोंड्याच्या वाटेने वन खात्याच्या माणसाबरोबर गेलात तर कातळावरून घसरत येणारे पाणी दिसेल. काठाला करंज, उंबर, जांभूळ. खडकावर शेपटी हलवणारा धोबी पक्षी. उथळ पाण्यात तळ दिसेल इतका स्वच्छ प्रवाह. तिथून आपल्या भिंतीपर्यंतचे अंतर रिक्षाने गेलात तर मीटर फार पडत नाही. इतक्या थोड्या वाटेत ती नदीची गटार होते.

आता तिच्या पाण्याविषयी. ही गोष्ट समजल्याशिवाय तुमच्या अर्जाबद्दलचा माझा आक्षेप समजणार नाही.

दहिसर नदीचा उगम तुळशी तलावापाशी. हा तलाव 1879 सालचा, इंग्रजांनी मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. त्याची क्षमता सुमारे 804 कोटी लीटर, म्हणजे मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला सर्वांत लहान. दर पावसाळ्यात "तुळशी भरून वाहू लागला" अशी बातमी येते ना, ते वाहू लागलेले पाणी आपल्या नदीत येते. शिवाय उद्यानातल्या डोंगरांवरचे ओढे तिला मिळतात. पावसाळा संपला की तुळशी वाहायचा थांबतो. मग दिवाळीपर्यंत, फार तर नाताळपर्यंत, डोंगराने धरून ठेवलेले पाणी झिरपत राहते. त्यानंतर नदीला स्वतःचे म्हणावे असे पाणी जवळजवळ उरत नाही. उद्यानात बंधाऱ्यामागे साठलेल्या डोहात बोटी फिरत राहतात, पण खाली वाहत काही येत नाही.

मग मार्च-एप्रिलमध्ये आपल्या भिंतीखाली जे वाहते ते काय आहे? ते आपले आहे. आपल्या मोऱ्या, स्वयंपाकघरे, संडास, कपडे धुण्याची यंत्रे, कारखान्यांचे पाणी, गोठ्यांचे शेण. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने आपण ज्याला नदीचे पाणी समजून नाक दाबतो ते तिचे नसतेच.

अर्ज आणणाऱ्यांनी मला मोबाइलवर अहमदाबादच्या साबरमतीच्या काठाचा फोटो दाखवला होता. असे का होऊ शकत नाही, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण तिथे काठासमोर बाराही महिने दिसणारे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून सोडलेले आहे. आपल्याला कोण कुठून आणून देणार? शहापूर, मोखाड्याकडून येणारे पाणी आपल्या नळाला जेमतेम पुरते. आपल्या नदीला उन्हाळ्यात वाहते ठेवायचे असेल तर एकच पाणी हाताशी आहे, ते म्हणजे आपण वापरून टाकलेले, पण नीट शुद्ध करून सोडलेले. म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न सुटला तर नदी स्वच्छ होईल एवढेच नाही, तर उन्हाळ्यात ती असेल की नसेल तेही त्यावरच ठरेल.

हे कळायला मलाही उशीर झाला. कसे कळले ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय तुमच्याकडे काही मागण्याचा मला हक्क नाही.

मी आमच्या सोसायटीची सहा वर्षे सचिव होते. नदीच्या वासाच्या तक्रारींचे कितीतरी अर्ज माझ्याच अक्षरात पालिकेकडे गेले आहेत. त्या वासाने घरातली चांदी काळी पडते, एसीच्या तांब्याच्या नळ्या वर्षा-दोन वर्षांत गळायला लागतात, हे तुमच्यापैकी नदीच्या बाजूला राहणाऱ्यांना माहीत आहे. सडक्या अंड्यासारखा तो वास पाण्यातला प्राणवायू संपल्यावर सुटणाऱ्या वायूचा असतो. त्या अर्जांत मी दरवेळी लिहीत असे, की वरच्या वस्तीतून आणि तबेल्यांतून घाण सोडली जाते, तरी कारवाई व्हावी. एकदा पाहणीला आलेला पालिकेचा एक कनिष्ठ माणूस जाता जाता सहज म्हणाला, "मॅडम, तुमच्या बी विंगचा पाइप कुठे जातो ते बघितलंय का कधी?" मला राग आला होता. आमची इमारत रीतसर, नकाशे मंजूर, मलवाहिनीचे कनेक्शन असलेली.

तरी मनात किडा वळवळत राहिला. एका रविवारी सकाळी प्लंबरला बोलावले. मिठाईवाल्याकडून खाण्याचा लाल रंग आणला आणि बी विंगच्या वरच्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराच्या मोरीत दोन बादल्या पाण्याबरोबर तो ओतायला सांगितला. मी पुलावर जाऊन उभी राहिले. चार-पाच मिनिटे झाली असतील. आमच्याच कुंपणाखालच्या भिंतीतून बाहेर आलेल्या सिमेंटच्या पाइपातून लाल पाणी नदीत पडले. बराच वेळ पडत राहिले. मी तिथे कठड्याला धरून उभी होते आणि मला सहा वर्षांत लिहिलेला एकेक अर्ज आठवत होता.

झाले असे होते की आधीच्या एका दुरुस्तीच्या वेळी मलवाहिनीचे चेंबर तुंबत होते. तेव्हा कंत्राटदाराने सोपी वाट काढली आणि मोऱ्यांची लाइन शेजारच्या पावसाळी गटाराला जोडून दिली. पावसाळी गटार म्हणजे पर्जन्य जलवाहिनी. ती कुठल्याही प्रक्रिया केंद्रात जात नाही, थेट नदीत उतरते. वर झाकण बसले, वास गेला, बिल पास झाले. बिलावर तेव्हाच्या कमिटीने सही केली आणि कोणी एक प्रश्न विचारला नाही. आम्ही ती लाइन पुन्हा मलवाहिनीला जोडून घेतली. दोन महिन्यांच्या देखभाल खर्चाएवढी जादा वर्गणी प्रत्येक घराला द्यावी लागली. तीन घरांनी ती आजवर दिलेली नाही. पण त्या पाइपातून आता कोरड्या दिवसांत थेंब पडत नाही. मी अजूनही पुलावरून जाताना तिकडे पाहते.

आता तुम्हीही पुलावर उभे राहा आणि मोजा. महामार्ग ते रेल्वे, दोन्ही भिंतींमधून किती पाइप बाहेर आलेले दिसतात? त्यातल्या कितींतून मे महिन्यात, पावसाचा पत्ता नसताना, पाणी पडते? मे महिन्यात पर्जन्य जलवाहिनीत पर्जन्य कुठून आले?

वस्त्यांकडे आणि तबेल्यांकडे बोट दाखवणे आपल्याला सोपे जाते. बऱ्याच वस्त्यांमध्ये मलवाहिनीच टाकलेली नाही, तिथल्या माणसांना नदीशिवाय दुसरी वाट दिलेलीच नाही. आपल्याकडे वाहिनी आहे, तरी आपण चुकीच्या जागी जोडलेलो असू शकतो. तबेल्यांचे शेण हा मोठा त्रास आहे, ते पात्रात साचून गाळ होतो आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यासाठी गोबर गॅसची सोय करता येते, शेणाला गिऱ्हाईकही आहे. आणि त्यांचे दूध आपणच चहात घालतो. हे सगळे लोक नदीवर आले तेव्हा इथे आपल्या इमारती नव्हत्या. त्यांना हाकलून नदीकाठ 'मोकळा' करावा, असे तुमच्या अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिले आहे. तो परिच्छेद वाचून मला फार वाईट वाटले.

आता भिंतीविषयी आणि 26 जुलै 2005 विषयी. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. बातम्यांत मिठी नदी होती, पण आपल्याकडे दहिसर नदीनेही तेच केले. तळमजल्याच्या घरांत छातीएवढे पाणी होते, म्हशी वाहत आल्या, आम्ही रात्रभर जिन्यात बसलो होतो. नदी जागा कशी बदलते, ते मी त्या रात्री पाहिले. आजीचे डोह, पूर आला की पाणी पसरायचे ती खाचरे, आंबेवाडी, सगळे तिने एका रात्रीत परत मागितले. त्यावर इमारती होत्या, आमचीही.

त्यानंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. मिठीसाठी त्याच वर्षी स्वतंत्र प्राधिकरण झाले. इतर नद्यांना मुख्यतः भिंती आणि खोलीकरण मिळाले. भिंतीने आपल्याला सुरक्षित वाटते, आणि काही ठिकाणी ती लागतेच, मी जिन्यात रात्र काढलेली बाई आहे, मला ते समजते. पण दोन्ही बाजूंनी भिंत आणि तळालाही सिमेंट, असे झाले की पाणी जिरायला जागा राहत नाही. ते वेगाने खाली दहिसर गाव, कांदरपाड्याकडे धावते. तिथे खाडीला भरती असली तर पुढून समुद्र आणि मागून आपण, असे दोन्हीकडून गावाला दाबतो. आपला जॉगिंग ट्रॅक भिंतीच्या आतल्या बाजूला, पात्रात खांब घेऊन करावा लागेल, कारण बाहेर बहुतेक ठिकाणी जागाच नाही. अर्जासोबतच्या चित्रात तो तसाच दाखवला आहे. म्हणजे पात्र आणखी अरुंद. त्या रात्रीनंतर मी अशा कागदावर सही कशी करू?

मग नदीकाठी चालायचेच नाही का? चालायचे. पण कसे, याबद्दल माझ्या मनात जे आहे ते सांगते. तुम्हाला पटेल तेवढे घ्या.

जिथे भिंतीबाहेर उद्यानाची, मैदानाची किंवा पालिकेची मोकळी जमीन अजून शिल्लक आहे, तिथे भिंत मागे घ्या आणि काठ मातीचा उतरता ठेवा. पुराच्या वेळी ती जागा पाण्याखाली जाईल, बाकीच्या दिवसांत आपली असेल. मातीची वाट, गुडघ्यांनाही बरी. करंज, अर्जुन, उंबर, जांभूळ ही आपलीच झाडे. मुळे माती धरतात आणि पुरात उभी राहतात. शोभेचे ताड आणि लॉन नको, त्यांना पाणी कोण घालणार? दोन-तीन ठिकाणी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या हव्यात. हा माझा सगळ्यात मोठा हट्ट आहे. आजच्या आपल्या मुलांनी ही नदी फक्त वरून, कठड्यावर वाकून पाहिली आहे. ज्या पाण्यात कधी पाऊल बुडवले नाही, त्याच्यासाठी कोण कशाला धावेल? पायऱ्यांना फाटक असावे, पावसाळ्यात ते बंद राहावे. डोंगरात पाऊस पडला की ही नदी काही मिनिटांत चढते. बोरिवलीत ऊन असले तरी चढते. म्हणून वर उद्यानाच्या हद्दीत पाण्याची पातळी मोजून खाली भोंगा वाजेल अशी सोय पायऱ्यांबरोबरच व्हावी, नंतर नव्हे.

दिवे थोडे, खाली तोंड केलेले, आणि रात्री दहानंतर बंद. आपण एका राष्ट्रीय उद्यानाला टेकून राहतो. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे जंगल शहराच्या मध्यभागी आहे, असे भाग्य दुसऱ्या कुठल्या महानगराला क्वचितच असेल. त्याच्या तोंडाशी रात्रभर प्रखर दिव्यांची रांग लावली तर वटवाघळे, घुबडे, काजवे मागे हटतात. कारंजे तर नकोच. आज ज्या पाण्याला घाण वास येतो त्याचे तुषार आपण मुलांच्या अंगावर उडवणार का?

आणि खालच्या टोकाला, जिथे नदी मनोरीच्या खाडीला मिळते, तिथली तिवरे जशी आहेत तशी राहू द्या. कांदळवनाभोवती 50 मीटरची हद्द उच्च न्यायालयाने राखून दिली आहे. तिथे बोर्डवॉकची मागणी अर्जात शेवटी घुसडली आहे. गोराई-मनोरीचे कोळी त्या खाडीत जाळी टाकतात. आपण वर सोडलेले सगळे त्यांच्या जाळ्यात जाते, प्लॅस्टिकसकट. त्यांना विचारल्याशिवाय तिथे काहीही मागायचा आपल्याला अधिकार नाही.

उद्यानातल्या आपल्या वागण्याबद्दलही बोलायला हवे. पहिला पाऊस पडला की रविवारी आपलेच लोक डबे आणि चादरी घेऊन तिथे ओढ्याकाठी बसतात. मला ते पाहून आनंद होतो, खरेच होतो. शहरात राहणाऱ्या माणसाला वाहत्या पाण्याची ओढ असतेच. पण संध्याकाळी तिथे वेफर्सच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या आणि फुटक्या बाटल्या उरतात. रात्री पाऊस झाला की तेच आपल्या पुलाखाली येऊन अडकते आणि सोमवारी आपण पालिकेला शिव्या देतो. वन खात्याने पाण्यात उतरू नका अशी पाटी लावली की तिच्याच शेजारी उभे राहून लोक पोरांना पाण्यात उतरवतात. वरच्या डोहांत मगरी आहेत, शेवाळावर पाय सरकतो, पाणी अचानक वाढते. ही मनाई आपल्याला त्रास द्यायला लावलेली नाही. यंदाच्या पावसाळ्यात आपल्या सोसायट्यांनी पाळी लावून रविवारी संध्याकाळी फाटकावर उभे राहावे आणि येणाऱ्यांच्या हातातल्या रिकाम्या पिशव्या गोळा कराव्यात, यासाठी मी वन खात्याला पत्र दिले आहे. परवानगी मिळाली तर पहिला रविवार माझा.

अर्ज कोणाला करायचा, हाही गुंता आहे. सुमारे 12 किलोमीटरची ही नदी. वरचा भाग वन खात्याचा. खाली आल्यावर पालिकेचे आर मध्य आणि आर उत्तर असे दोन विभाग. मध्ये महामार्ग, मग रेल्वे. सांडपाणी मलनिःसारण खात्याकडे, पात्र पर्जन्य जलवाहिनी खात्याकडे, पाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, खाडीचे तोंड किनारा नियमांखाली. मला यातली एक गोष्ट फार लागते: आपल्या शहरात नद्या पालिकेच्या गटारांच्या खात्यात मोडतात. तिथल्या माणसांवर माझा राग नाही. दर मे महिन्यात उन्हात उभे राहून ते पोकलेनने गाळ काढून घेतात, त्यांच्यामुळे आपण जुलैत कोरडे झोपतो. पण त्यांचे काम पाणी लवकर वाहून जावे एवढेच ठरवून दिलेले आहे. पाण्यात मासा जगावा, ही जबाबदारी कोणाच्याच कागदावर नाही. आणि मिठीला प्राधिकरण मिळूनही मिठीचे पाणी निवळले नाही, तेव्हा नुसते नवे कार्यालय मागून उपयोग नाही, हेही दिसते.

म्हणून मी एक दुसरा अर्ज लिहिला आहे. त्यावर सही करा असा माझा आग्रह नाही, आधी वाचा. त्यात मागितले आहे की दोन्ही भिंतींमधल्या प्रत्येक पाइपाला नंबर रंगवावा आणि तो कोणाचा आहे ते शोधून यादी दोन्ही विभाग कार्यालयांत लावावी. चुकीची जोडणी सापडलेल्या सोसायटीला दंडाच्या नोटिशीआधी दुरुस्तीसाठी सहा महिने द्यावेत, नाहीतर भीतीने कोणी तपासणारच नाही. वस्त्यांना मलवाहिनी किंवा त्यांच्याजवळच छोटे प्रक्रिया केंद्र मिळावे, आणि शुद्ध झालेले पाणी लांब खाडीत न नेता जवळच नदीत सोडावे. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे 25 वर्षांतून आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, आपल्या इमारतींच्या कुंपणावर रंगवावी, घर घेणाऱ्याला ती दिसू द्यावी. आणि दर पुलावर एक साधा फळा, त्यावर दर महिन्याचे पाण्याचे आकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम हवा आणि बीओडी, म्हणजे घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, 3 च्या आत हवा. आपला आकडा किती आहे, तो पुलावरून शाळेत जाणाऱ्या मुलांना रोज वाचता यावा. चालायच्या वाटेची मागणी त्या अर्जात सर्वांत शेवटी आहे, पण आहे. मी ती खोडलेली नाही.

तुमचा अर्ज आधीच पुढे गेला असेल तरी माझी तक्रार नाही. त्यातली सिमेंटची, दिव्यांची आणि बोर्डवॉकची कलमे तेवढी मागे घ्या, एवढीच हात जोडून विनंती.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी दौलत नगरच्या पुलावर उभी असेन. पाऊस नसावा, नसला तरच कळेल. माझ्याकडे खाण्याच्या लाल रंगाच्या बारा पुड्या आहेत. ज्या सोसायटीला आपली लाइन तपासायची आहे, तिने एक पुडी न्यावी, वरच्या मजल्यावरून एका मोरीत दोन बादल्या पाण्याबरोबर ओतावी आणि ओतल्याबरोबर मला फोन करावा. माझा नंबर सगळ्या कमिट्यांकडे आहे. आपापला प्लंबर सोबत आणा. पाइपाच्या तोंडाकडे मी लक्ष ठेवते. कोणाचे लाल पाणी दिसले तर ते मी त्याच सोसायटीच्या सचिवाला सांगेन, दुसऱ्या कोणालाही नाही.

आपली शेजारीण,
बी विंग, दौलत नगर, बोरिवली (पूर्व)